हापशाचा तारांकित प्रश्न

विधानसभा चालू असताना मी प्रेक्षक गॅलरीत बसून हात वर केला होता. कोपरात न वाकवता, सरळ, बोटं जुळवून, शाळेत मुलांना शिकवत होते तसा. खाली मंत्री बोलत होते आणि वर मी, जिल्हा परिषदेच्या शाळेतली मास्तरीण, 'बाई, मी सांगू' अशा थाटात बसले होते. पटकन वर करून खाली घेतला असता तर बघणाऱ्याला वाटलं असतं, बाई आळस देतायत. पण मी तो धरून ठेवला. कुणी बघेना म्हणून जागेवरून अर्धी उठले आणि म्हणाले, "सर."

नातवंडं हे ऐकून लोळतात आणि पुन्हा पुन्हा सांगायला लावतात. मीही सांगते, हात करून दाखवते, 'सर' म्हणताना आवाज बारीक करते. त्या हात वर करणाऱ्या बाईला हसायला माझी काही हरकत नाही. तशीच होती ती. केसांना चप्प तेल, अंगावर इस्त्रीची साडी, आणि डोक्यात नागरिकशास्त्राचं सातवीचं पुस्तक तोंडपाठ. पण तिनं हात कशासाठी वर केला होता ते आठवलं की माझं अजून डोकं तापतं. इतकी वर्षं झाली, तरी तापतं.

आणीबाणी उठली त्या वर्षीची ही गोष्ट. माझं माहेर पोखर्णीकडचं, सासर नदीकाठचं, जिंतूर तालुक्यातलं. गावाच्या खालच्या अंगाला आमची बौद्ध वस्ती, वरच्या अंगाला चावडी, शाळा आणि जमीनवाल्यांची घरं. मी वरच्या शाळेत सहावी-सातवीला शिकवत होते. माझे मालक तहसिलीत कारकून, सायकलवर जायचे-यायचे. घरात तिसऱ्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. शाळेची घंटा व्हायच्या आत मी इस्त्रीची साडी नेसून चावडीवरून जायची, तेव्हा लोक म्हणायचे, बघा, सून शिकलेली असली की कसं घर टापटीप राहतं. घर टापटीप राहायचं कारण पाणी आत्याबाई आणायच्या. नदीच्या वाळूत खड्डा खणून जो झिरा करतात, त्यातून वाटीवाटीनं घागर भरायची आणि दरड चढून यायचं. उन्हाळ्यात झिरा खोल जायचा, तशी दरड उंच व्हायची. त्याच साली चैत्रात आत्याबाई त्या दरडीवरून घसरल्या आणि डावं मनगट दुखावून बसल्या. मनगट बसलं, पण वाकडं बसलं. त्यानंतर घागर उजव्या कडेवरच.

मग तुम्ही विचाराल, गावात हापसा नव्हता का. होता. तोच तर मुद्दा.

मोठा दुष्काळ झाला, त्यानंतर गावोगाव बोरच्या गाड्या फिरल्या. आमच्या गावाला एक हापसा मंजूर झाला, तो आमच्या वस्तीच्या नावानं. गाडी आली, वस्तीच्या तोंडाशी उभी राहिली, आणि गाडीवाला म्हणाला की बोळ अरुंद आहे, गाडी आत शिरत नाही. सरपंच म्हणाले, मग उगं मशीन परत कशाला पाठवायचं, वर चावडीपुढं घ्या, पाणी काय सगळ्यांचंच. चावडीपुढं घेतलं. पाणी लागलं, गोड लागलं. गावानं नारळ फोडला. आमच्या वस्तीतली माणसंसुद्धा खोबरं खाऊन आली.

तिथं पाणी भरायला आम्हाला कुणी मना केलं नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं सगळं इथंच अडलं. कुणी हाकललं नाही, शिवी दिली नाही. एवढंच व्हायचं, की आमच्या बाईनं हापसून घागर उचलली की मागं उभी असलेली बाई तांब्याभर पाणी हापशाच्या दांड्यावर ओतायची. वरून खालपर्यंत, नीट. मग दांडा धरायची. बोलायची काही नाही. कधी कधी तर आमच्याकडं बघून हसायचीसुद्धा, "झालं का भरून?" म्हणायची. इतकं शांतपणे व्हायचं ते, की त्यावर काय बोलावं हेच कळत नसे.

आत्याबाईंनी ते एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. तिसऱ्यांदा घागर रिकामीच परत आणली. म्हणाल्या, "माझ्या हाताचं असं काय लागतंय त्या दांड्याला? छप्पन साली नागपूरला जाऊन आले मी. उभ्या गर्दीत हात जोडून सांगून आले की आता हे सगळं सोडलं म्हणून. आन् ह्या बाया माझ्यामागं दांडा धुत्यात. न्हाई जायचं मला तिथं." त्या दिवसापासून झिरा.

मी त्यांना समजवायला गेले. काय समजावलं असेल मी? मी त्यांना सांगितलं की अस्पृश्यता पाळणं हा गुन्हा आहे, संसदेनं तसा कायदा केलाय, अलीकडं तो आणखी कडक झालाय. आत्याबाई मिसरी लावत होत्या. बोट थांबवून म्हणाल्या, "मग सांग की त्या संसदेला, दांडा धुवायल्या म्हणून."

मला ती आज्ञाच वाटली.

वर्गात मी शिकवायची, संसदेची कामं कोणती. कायदे करणे, सरकारला प्रश्न विचारणे, जनतेची गाऱ्हाणी मांडणे. मुलं एका सुरात म्हणायची आणि मला समाधान वाटायचं. माझ्या डोक्यात त्याचं चित्रच होतं. इकडून गाऱ्हाणं घालायचं, तिकडून न्याय बाहेर येतो, पिठाच्या गिरणीसारखं. गिरणीत काय घातलं तेच दळून मिळतं, एवढी अक्कल मात्र त्या चित्रात नव्हती.

पोळ्याच्या आसपास आमचे आमदार शाळेच्या नव्या खोलीच्या उद्घाटनाला आले. आभाराचं भाषण माझ्याकडं होतं. 'लोकप्रतिनिधी हा जनतेचा आवाज असतो' हे वाक्य मी त्यात दोन वेळा घातलं. आमदार खूश झाले. चहा घेताना म्हणाले, "ताई, बोलता तुमी चांगलं. काय अडचण आसंल गावची तर लिहून द्या. हिवाळ्यात नागपूरला अधिवेशन हाय, प्रश्न टाकू." त्यांच्या गाडीत जुन्या अधिवेशनाची प्रश्नोत्तरांची छापील यादी पडली होती, ती माझ्या हातात दिली. "ह्या नमुन्यात लिहा, म्हणजे आमच्या माणसाला मेहनत पडायची न्हाई. तारांकित करून टाकतो. तारांकित म्हणजे मंत्र्याला उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं, आन् मला वरून आनखी उपप्रश्न इचारता येतो."

मंत्र्याला उभं राहावं लागतं, हे ऐकून मी हवेतच गेले. वर्गात मी पोरांना उभं करायची. आता मंत्र्याला.

चार-पाच संध्याकाळी मी तो प्रश्न लिहीत होते. ती यादी मी इतकी वाचली की स्वप्नातसुद्धा 'पुढील बाबींचा खुलासा करतील काय' असं कुणीतरी म्हणायला लागलं. नमुना असा असायचा: अमुक ठिकाणी अमुक झालं आहे, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय? मला ती भाषा फार आवडली. तिच्यात घाम नव्हता, चिखल नव्हता. सगळं कसं पांढऱ्या टोपीसारखं.

आणि तिथंच मी माती खाल्ली.

दांड्याचं मला लिहवेना. 'आमच्यामागून हापशाचा दांडा धुतात' हे वाक्य मी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. ते त्या नमुन्यात बसत नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला लाज वाटली. दांडा त्या धुवायच्या आणि लाज मला. वाटलं, हे नागपूरला छापून येणार. मोठमोठी माणसं वाचणार. ही मास्तरीण, डी.एड. झालेली, इस्त्रीची साडी नेसणारी, आणि हिच्यामागं लोक दांडा धुतात. नको. आपण मागणी मागावी, गाऱ्हाणं कशाला गावं. म्हणून मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: सदर गावातील बौद्ध वस्तीसाठी मंजूर झालेला हातपंप अद्याप बसविण्यात आलेला नाही, हे खरे आहे काय?

बसवण्यात आलेला नाही. रागानं आंधळी झाले होते म्हणा, किंवा शहाणपणानं. आमच्या वस्तीत नाही म्हणजे बसवलाच नाही, असा माझा हिशेब. चावडीपुढं जो उभा होता, ज्याचं पाणी रोज शाळेच्या माठात यायचं आणि मीसुद्धा प्यायची, तो माझ्या लेखी नव्हताच.

रात्री जेवताना ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांचं आयुष्य सरकारी कागदात गेलेलं. म्हणाले, "भाषा झकास हाय. तुझ्या बदलीचा हुकूमपण ह्याच भाषेत निघंल." मी म्हटलं, "अहो, प्रश्न आमदारांच्या नावानं जातो. माझं नाव कुठंच नाही." ते म्हणाले, "मग बरं हाय," आणि ताटातली भाकरी मोडायला लागले. आत्याबाई चुलीपुढं होत्या. त्यांनी काही विचारलं नाही, आणि मीही त्यांना समोर बसवून वाचून दाखवलं नाही. म्हटलं, आत्याबाईंना काय कळणार सभागृहाची भाषा.

दिवाळीनंतर एक दिवस ग्रामसेवक शाळेत आले. चारठाण्याकडचा माणूस, बोलायला गोड. घाम पुसत म्हणाले, "बाई, वरून कागद आलाय. गावात हापसा हाय का न्हाई ते कळवायचं हाय. आमदारानं इचारलंय म्हनं."

माझं काळीज नुसतं फुललं. बघा, म्हटलं मनात, संसदीय लोकशाही सायकलवर बसून आपल्या दारात आली. मी त्यांना शाळेतल्या बाकावर बसवलं, पोराला पाठवून चहा मागवला, वर पार्ल्याची बिस्किटं. ते चहा पिऊन चावडीपुढं गेले. मी खिडकीतून बघत होते. त्यांनी हापसा चार वेळा मारला, ओंजळीनं पाणी प्याले, तोंड पुसलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मला तेव्हा जाऊन सांगता आलं असतं, भाऊसाहेब, हा तो नव्हे, हा इकडं कसा आला ते लिहा. दहा पावलांवर होता तो माणूस. पण मी गेले नाही. मला वाटलं, ह्या लहान माणसाला सांगून काय उपयोग, हे सगळं आता वर सभागृहात निघणार. वर माझा मंत्री उभा राहणार.

थंडीत नागपूरला जायचं ठरलं. आमदारांनी एका माणसाचा पास पाठवला होता. हे म्हणाले, "मी बाहेर थांबतो, शेंगा खात. तू जा आत." परभणीहून पूर्णा, पूर्णेहून अकोल्याची छोटी गाडी, अकोल्याहून पुढं मोठी. डब्यात थंडी अशी की आत्याबाईंनी दिलेली गोधडी आम्ही दोघांनी मिळून पांघरली. निघताना त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "उन्हाळ्याच्या आत व्हईल का गं? हात वळंना झालाय माझा." मी म्हटलं, "आत्याबाई, मंत्री उभे राहून उत्तर देणार आहेत." त्यांनी मान हलवली. त्यांनी उन्हाळ्याचं विचारलं होतं आणि मी मंत्र्याचं सांगितलं, हे मला तेव्हा कळलंसुद्धा नाही.

विधानभवनात दारावर पर्स काढून घेतली. एका बाईनं झडती घेतली आणि सांगितलं, बोलायचं नाही, पुढं वाकायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, पायावर पाय टाकायचा नाही. मी शिस्तीची भोक्ती, मला ते आवडलंच. वर जाऊन बसले. खाली बघितलं तर मला धक्काच बसला. माझ्या वर्गात एवढी कुजबुज झाली असती तर मी छडी काढली असती. कुणी पेपर वाचतंय, कुणी मागं वळून गप्पा मारतंय, कुणी संत्री सोलायच्या बेतात. आमचे आमदार शेवटून दुसऱ्या रांगेत, शेजारच्याच्या कानाला लागलेले. पुढं दोन-तीन महिन्यांवर निवडणूक, त्यामुळं ज्याचं त्याचं चित्त तिकिटावर.

अध्यक्षांनी क्रमांक पुकारला. आमदार उठले, क्रमांक म्हणाले. माझे चार संध्याकाळचे कष्ट, ते वळणदार अक्षर, 'पुढील बाबींचा खुलासा', त्यातलं काहीच कुणी वाचलं नाही. ते सगळं आधीच छापून वाटलेलं होतं. मंत्री उभे राहिले. राहिले, हे कबूल करते. आणि हातातल्या कागदातून म्हणाले:

"एक, हे खरे नाही. सदर गावी हातपंप बसविण्यात आलेला असून तो सुस्थितीत आहे. दोन व तीन, प्रश्न उद्भवत नाही."

आणि बसायला लागले.

मी आमच्या आमदारांकडं बघितलं. आता उपप्रश्न. आता विचारतील, कुठं बसवला, कुणासाठी मंजूर होता. आमदारांनी कागद खालीवर करून बघितला, मान डोलावली, जसं काही माहिती मिळाली आणि समाधान झालं. आणि तेही बसले.

तेव्हा माझा हात वर गेला. मी ठरवून नाही केला. बारा-तेरा वर्षं बाकावर आणि पुढं टेबलामागं काढलेल्या बाईचा हात आपोआप जातो. वर्गात चुकीचं उत्तर आलं आणि बरोबर उत्तर आपल्याला माहीत असलं की दुसरं करतात काय? "सर," मी म्हणाले. खालच्या दोघा-तिघांनी वर बघितलं. एकजण हसला. मंत्र्यांनी बघितलंच नाही, अध्यक्षांनी पुढचा क्रमांक पुकारला, आणि झडती घेणारी तीच बाई माझ्या खांद्याशी आली.

"हात खाली घ्या. चला बाहेर."

"अहो, पण ते चुकीचं सांगतायत."

"इथं तुम्हाला बोलता येत नाही, बाई."

"मग माझ्यातर्फे कोण बोलणार?"

"तुमचे आमदार."

"ते तर बसले."

तिनं माझ्या दंडाला धरलं. जोरात नव्हे, पण धरलं. जिन्यात सोडताना म्हणाली, "मीही शिक्षिका व्हायची होते," आणि पर्स आणून दिली. मला त्याही वेळी तिला सांगावंसं वाटलं की बाई, वाक्य नीट करा, 'मलाही शिक्षिका व्हायचं होतं.' अशी मी.

दुपारी आमदार लॉबीबाहेर भेटले. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, ते त्यांना आनंदाचं वाटलं. म्हणाले, "काय ताई, झालं का समाधान? आला का न्हाई प्रश्न?"

"साहेब, तुम्ही उपप्रश्न का नाही विचारला? हापसा वस्तीत नाही. चावडीपुढं आहे. वस्तीसाठी मंजूर झाला आणि वरच्या आळीत बसवला."

आमदारांचा चेहरा खरंच पडला. तो माणूस वाईट नव्हता, मला आजही वाटतं. म्हणाले, "आसं हाय व्हय? मग ते लिहायचं का न्हाई? तुमी लिहिलं, बसवलाच न्हाई. मी मास्तरीणबाईंचा कागद म्हणून कानामात्रा बदलला न्हाई. मंत्र्यानं सांगितलं, बसवलाय. मी कशाच्या जोरावर भांडू? मी काय तुमच्या गावात पाणी भरायला येतो का?"

"आणि तिथं आमच्यामागून दांडा धुतात," मी म्हणाले. नागपूरच्या त्या फाटकाशी, शेंगा विकणाऱ्याच्या गाड्याजवळ, पहिल्यांदा तोंडातून काढलं.

त्यांनी आजूबाजूला बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, हे वाक्य जर कागदात आसतं नं, तर मंत्र्याला 'खरं न्हाई' म्हणताना ईचार करावा लागला आसता. सगळं सभागृह उठलं आसतं. आता एकदा उत्तर झालं. पुढच्या अधिवेशनात बघू."

पुढचं अधिवेशन. पुढं निवडणूक झाली, ते पडले. नव्या माणसाकडं मी अर्ज घेऊन गेले, तर त्यांचा सचिव म्हणाला, ह्या विषयावर सभागृहात उत्तर झालेलं आहे, त्याची प्रत जोडा. मी प्रत जोडली. म्हणजे माझ्याच अर्जाला मी स्वतःच टाचणी लावून 'हे खरे नाही' जोडून दिलं. तहसिलीत गेलं तरी तेच. ह्यांच्या टेबलावरूनच तो कागद एकदा गेला. हे घरी येऊन म्हणाले, "आज तुझा कागद माझ्याकडं आला. मी आवक लावून पुढं ढकलला." मी विचारलं, "काही लिहिलं नाहीत?" म्हणाले, "लिहायचा अधिकार मला न्हाई. ढकलायचा हाय."

आणि हे सगळं कमी होतं म्हणून की काय, निवडणुकीच्याही आधी, थंडी सरता सरता पंचायत समितीकडून माणसं आली होती. विधानसभेत गावाच्या हापशावर प्रश्न झाला, त्यात तो सुस्थितीत असल्याचं सांगितलंय, तेव्हा तो सुस्थितीत पाहिजे. त्यांनी चावडीपुढच्या हापशाला नवा वायसर बसवला, ग्रीस घातलं, भोवतीनं सिमेंटचा ओटा बांधला, पाणी वाहून जायला नाली काढली. दांडा पहिल्यापेक्षा हलका झाला, पोरगंसुद्धा हापसू शकेल असा. सरपंच मला शाळेपुढं भेटले तेव्हा म्हणाले, "बाई, आमदारसायबानं आपल्या गावाचं नाव काढलं म्हनं नागपुरात. लय चांगलं काम केलं." मी म्हणाले, "हो." दुसरं काय म्हणणार? ओटा खरंच चांगला बांधला होता. आता दांडा धुतलेलं पाणी पायात न सांडता नालीतून सरळ जायचं.

त्या संध्याकाळी मी घरी आले आणि चुलीशी बसून रडले. आत्याबाई झिऱ्यावर जायच्या तयारीत होत्या. मनगटाला फडकं बांधलेलं. त्यांनी घागर खाली ठेवली.

"काय झालं गं?"

"काही नाही. ओटा बांधला."

"कळलं मला. कापडं धुवायला बी जागा केलीय म्हनं." त्या माझ्यापुढं उकिडव्या बसल्या. "मला एक सांग. त्वा लिहिलं काय व्हतं त्या कागदात? सगळे म्हणायले, मास्तरणीनं लिहिलं, मास्तरणीनं लिहिलं. मला तर कुणी वाचूनच न्हाई दावलं."

मी ट्रंकेतून कच्चा कागद काढला आणि वाचला. आता वाचताना ती भाषा मला कुणा परक्या माणसाची वाटत होती. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग पुन्हा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा ऐकून म्हणाल्या, "आन् दांडा?"

"ते नाही लिहिलं."

"कामून?"

मी काय सांगणार? नमुन्यात बसत नव्हतं म्हणून? मी म्हणाले, "आत्याबाई, लाज वाटली. चार लोकांत आपलंच असं कसं सांगायचं?"

त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मला वाटलं, आता काहीतरी लागेल असं बोलतील, मी ते ऐकून घेईन आणि मोकळी होईन. त्यांनी तसं केलं नाही. त्यांनी माझ्या हातातला तो कागद घेतला, घडी घातली, घडीवर घडी घातली, मला परत दिला, आणि म्हणाल्या:

"लाज तुला वाटती, मला न्हाई वाटत. पुढच्या बारीला कागद करशील तवा माझ्याम्होरं बसून कर. मी बोलते, तू नुसतं लिहीत जा. आन् आता ऊठ, ती दुसरी घागर घे, झिऱ्यावर बाया जमायल्या."